चाळीस मोरपंखी साड्या

नारळी पौर्णिमेला नारळ लढवण्याच्या स्पर्धेत आपला गट उठून दिसावा, म्हणून तेजस्वीने कुडाळहून गुपचूप वीस मोरपंखी साड्या आणल्या. म्हातारी काशीबाई नऊवारीचा कासोटा सोडेना, म्हणून तिला गटातून वगळलं. किनाऱ्यावर पोचते तर पलीकडच्या वाडीच्या बायकाही त्याच दुकानातल्या त्याच साडीत! सगळ्या एकमेकींत मिसळल्या. माइकवाला वैतागला, "अहो, कुठला गट कुठला?"

तेवढ्यात तेजस्वीला गर्दीत काशीबाईची लाल नऊवारी दिसली. "काशीबाये, तू आमच्या फुडे उभी रव!"

"काल तर म्हणत होतंस, कासोटो गटाक शोभणा नाय."

काशीबाईने कासोटा घट्ट खोचला आणि पलीकडच्या वाडीच्या पुढे जाऊन ती उभी राहिली.