गोड्या पाण्याची झारी

मित्रांनो, विहिरीशेजारच्या पेरूच्या फांदीला एक गंजकी झारी पालथी टांगलेली दिसते ना, ती मी. माझ्यासारखीने आपली गोष्ट सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. मी काही मोठे काम केलेले नाही. इकडचे पाणी तिकडे नेले, एवढेच. पण थकल्यावर कधीतरी बोलावेसे वाटते. कंटाळा आला तर सांगा, मी थांबेन.

रत्नागिरीच्या बाजारात मुसाभाईंच्या दुकानात माझा जन्म झाला. त्यांनी पत्रा कापला, लाकडी हातोडीने ठोकून गोल केला, सांध्यांना कथील वितळवून डाख दिला आणि तोटीच्या टोकाला बारीक भोकांची चाळण बसवली. मुसाभाई फारसे बोलत नसत. मला गिऱ्हाइकाच्या हाती देताना मात्र म्हणाले, "काम झालं की हिच्यात पाणी ठेवू नका. धुवा नि पालथी घाला. मग ही तुमच्यापेक्षा जास्त जगेल."

गिऱ्हाईक म्हणजे शिवा तांडेल. पावस गावाच्या अलीकडे समुद्रालगतच्या एका वाडीत तो राहतो. चाळीस वर्षे त्याने होडी चालवली. कंबर गेली तेव्हा होडी पुतण्याच्या हाती दिली आणि तो ओटीवर बसून राहिला. येणारी-जाणारी माणसे बघायची आणि कुणी हाक मारली तर मान हलवायची, एवढाच त्याचा दिवस. त्याची बायको गुणवंती मासळी विकायला जाई. परत आली की तिला तो सकाळी होता तिथेच बसलेला दिसे. ग्रामपंचायतीने त्या वर्षी पडीक जागेचे दहा तुकडे पाडून वाडीला भाजी लावायला दिले. तिने नवऱ्याला न विचारताच त्याचे नाव यादीत घातले.

जागेची देखरेख रावजी करतात. पहिल्याच दिवशी शिवाला कुदळ धरताना पाहून ते म्हणाले, "काय तांडेल, आजवर नांगर नुसता पाण्यात टाकलास. आता मातीत घालायचा हाय. जमंल ना?"

सगळे हसले. शिवाही हसला, पण दुसऱ्या हाताने त्याने माझी कडी घट्ट धरली होती. ते फक्त मला कळले.

मग रावजींनी नियम सांगितला. शिमग्यापर्यंत ज्याच्या तुकड्यावर हिरवे दिसणार नाही, त्याचा तुकडा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. यादी लांब होती.

पावसाळ्यात मला काम नव्हते. पडवळ आणि दोडकी मांडवावर आपोआप चढत आणि मी मळ्यातल्या झोपडीत कोरडी पडून असे. माझे दिवस दिवाळीनंतर सुरू झाले. विहिरीचे पाणी ओढायचे, माझ्यात ओतायचे, वाफ्यापर्यंत न्यायचे आणि रिकामे व्हायचे. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. मुळा उगवला, वांग्याची रोपे लागली, मिरची धरली. शेजारच्या तुकड्यातली रझिया शिवाला शिकवी. तिचा नवरा कुवेतला आहे आणि मळ्याचे सगळे ती एकटी बघते. "काका, पानांवर एवढं नको, मुळात घाला वायच," ती म्हणे. शिवा लगेच माझी तोटी खाली करी. संध्याकाळी तो मला धुऊन पालथी घाली. एका माणसाला आपली इतकी गरज असावी, याचे मला नवल वाटे.

आमच्या किनाऱ्यावर मासळी धुतलेले पाणी फेकत नाहीत. ते वेलाच्या, रोपाच्या मुळाशी घालतात. गुणवंती मागच्या दारी मासे साफ करी आणि ते पाणी बादलीत राखून ठेवी. शिवा सकाळी ते माझ्यात भरून नेई. रोपे त्यावर तरारत. म्हणूनच पुढचे घडले.

माघात दोन दिवस वारा सुटला आणि होड्या किनाऱ्यालाच राहिल्या. ताजी मासळी आली नाही. गुणवंतीने मडक्यातले खारवलेले बांगडे काढले, धुऊन विकायला घेतले. दोन्ही दिवस मागच्या दारी बादल्या भरलेल्या होत्या. शिवाला आनंद झाला; सकाळ-संध्याकाळ त्याने तेच पाणी घातले. विचारायचे त्याच्या मनातही आले नाही.

मला कळले होते, मित्रांनो. पाणी जड होते. डाखाच्या जागी ते झोंबत होते. मला तोंड आहे, पण सांगता येत नाही. माझ्याच चाळणीतून ते पाणी चारही वाफ्यांवर पडले. आणि घाईत, घरी पुतण्या आलाय म्हणून, त्या दोन्ही संध्याकाळी शिवाने मला धुतले नाही. ते पाणी रात्रभर माझ्या तळाशी राहिले.

तिसऱ्या दिवशी वांग्याच्या पानांच्या कडा करपल्या. चौथ्या दिवशी रोपे आडवी झाली. वाफ्यावर पांढरट पापुद्रा धरला. रझियाने मातीचा खडा उचलून जिभेला लावला आणि थुंकली.

"काका, मळ्यात दर्या आणलात काय ओ?"

शिवाने स्वतः खडा चाखला. ज्याच्या तोंडावर चाळीस वर्षे खारे पाणी उडाले, त्याला कळायला एवढा वेळ लागला. तो तिथेच बांधावर बसला.

गुणवंती टोपली घेऊन तशीच धावत आली. "अवो, मला इचारायचं तरी! खारवलेल्या बांगड्याचं पानी व्हतं ते."

"वास तर रोजचाच व्हता गो."

"वास रोजचाच येनार! मासा तोच ना? मीठ काय हाक मारून सांगतं?"

शिवा हळूच म्हणाला, "जाऊ दे. घेऊ दे रावजीला तुकडा. मी ओटीवर बसतो."

गुणवंतीचा चेहरा उतरला. ती ओटी तिने पाहिलेली होती.

रझिया म्हणाली, "शिमग्याला सव्वा महिना हाय. वरची माती काढा. मग गोडं पानी सोडा, रोज, भरपूर. जमीन आपली जांभ्याची, पानी खाली जातं, मीठ घेऊन जातं. माठाच्या भाजीचं बी मी देते. माठ लवकर येतो."

मग मी जे काम केले, तसे आधी कधी केले नव्हते. दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ. भरायची, न्यायची, ओतायची. गुणवंती विहिरीवर ओढी, शिवा कंबरेला पंचा बांधून मला नेई. रझिया आपले आटोपून यायची, माती चाखायची आणि म्हणायची, "अजून." शिवाला उठताना माझाच आधार घ्यावा लागे. मी मात्र आतून जात होते. मिठाने माझा तळ धरला होता. गंजाचा एकेक पापुद्रा पाण्याबरोबर वाफ्यात पडत होता. आपण पुरू की नाही, याची मला खात्री नव्हती. तशी ती मला कधीच नसते.

अकराव्या दिवशी रझियाने माती चाखली. कमरेची पुरचुंडी सोडून तिने बी काढले.

शिमग्याच्या आदल्या दिवशी रावजी आले. चार वाफ्यांपैकी अडीच वाफ्यांवर वीतभर माठ उभा होता. बाकी जमीन उघडीच होती. त्यांनी चष्मा पुसला.

"तांडेल, मी हिरवं म्हटलं व्हतं. हे तर तांबडं हाय."

लाल माठच तो. शिवाने रावजींकडे पाहिले. गुणवंती पुढे झाली. "रावजी, डोळे तपासून घ्या. शिजल्यावर तुमचं ताट पन तांबडं करीन."

रावजी हसले. वाकून त्यांनी उघड्या वाफ्यातली माती चिमटीत घेतली, जिभेला लावली. त्यांनाही सगळे कळलेले होते तर. "गोडी हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे तुझा तुकडा. पन ती झारी फेक आता. तळ बघ तिचा."

तळ खरेच गेला होता. दुसऱ्या दिवशी शिवाने निळी प्लास्टिकची झारी आणली. ती हलकी आहे, त्याच्या कंबरेला बरी आहे. मला तिचा राग नाही. मी दमले आहे.

पण त्याने मला फेकले नाही. रोज संध्याकाळी काम संपले की तो निळी झारी विहिरीवर धुतो आणि मग फांदीवरून मला काढतो. माझ्यावर गोडे पाणी ओततो. ते लगेच तळातून निघून जाते. बोट फिरवून तो माझी चाळण पुसतो आणि मला पुन्हा पालथी टांगतो. एकदा रझियाने विचारले, "काका, तिच्यात आता काय ऱ्हातंय?"

"तिला दोन दिवस धुवायची ऱ्हायली गो," शिवा म्हणाला.

मित्रांनो, मला शिकवण देता येत नाही. तेवढी मी शहाणी नाही. तुमच्या घरात पाणी वाहणारे, ओझे उचलणारे, न बोलणारे कोणीतरी असेल. ती वस्तू असेल, नाहीतर माणूस असेल. त्याच्या हाती काय देत आहात, ते आधी एकदा चाखून बघा. आणि काम झाले की, कितीही घाई असली तरी, त्याच दिवशी त्याच्यावर थोडे गोडे पाणी घाला.