मामलेदार आजोबांच्या ग्लासात

माशाचं नाव मामलेदार. जागचा हलायचा नाही आणि समोर कुणी आलं की गाल फुगवून अंगावर यायचा, म्हणून पायरोतने त्याला हे नाव दिलं होतं. आज दुपारी नाखोन पाथोम शहरात लढाऊ माशांचं प्रदर्शन होतं. तिथे मामलेदार पहिला आला, तर राचबुरीचा एक बडा व्यापारी पायरोतला आपल्या मत्स्यशेतीवर कामाला घेणार होता, शिवाय राहायला घरही देणार होता. इतकी वर्षं घरजावई होऊन सासूबाईंची, साईबुआंची, बोलणी ऐकलेल्या माणसाला आणखी काय हवं?

नेमकी आजच सकाळी कोंबडीने मामलेदाराची बाटली पाडली. मासा वाचला, बाटली गेली. अंगणात दारूच्या चपट्या बाटल्यांच्या रांगाच रांगा होत्या, पण प्रत्येकीत एकेका माशाचं बिऱ्हाड. मध्ये पुठ्ठे लावलेले, नाहीतर सगळे शेजाऱ्याला बघून दिवसभर फुगून बसले असते. घरातल्या पेल्यांना हात लावायची सोय नव्हती. सासूबाईंच्या कवळीच्या पेल्यात त्याने एकदा पिल्लू सोडलं होतं, तेव्हापासून बंदी होती. राहता राहिला आवारातल्या खांबावरच्या देवळीतला, जागेच्या आजोबांच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाच्या, पाण्याचा ग्लास. सावली होती, शांतता होती, मांजर तिकडे फिरकत नव्हतं. थोड्या वेळाचाच तर प्रश्न, म्हणून पायरोतने मामलेदाराला त्यात सोडलं आणि तो रिकामी बाटली शोधून घासायला गेला.

परत येतो तर काय, उदबत्त्या पेटलेल्या, केळी मांडलेली, लाल सरबत ठेवलेलं, आणि साईबुआ हात जोडून उभ्या. "आजोबा, समोर आहे ते सगळं तुमचं."

"आई! मासा माझा आहे!"

"होता."

"अहो, उदबत्ती विझली की परवानगी मागून सगळं परत घेतोच की आपण. केळी नाही का खात?"

"केळ्याचं वेगळं. हा जिवंत जीव आहे. कौल लावावा लागेल."

कौल म्हणजे बांबूच्या मुळाच्या दोन फोडी. एक उताणी आणि एक पालथी पडली तर होकार. साईबुआंनी फोडी टाकल्या. दोन्ही पालथ्या. पायरोतने उकडलेली अंडी कबूल केली. पुन्हा पालथ्या. मग नवसाला वाहतात तसे मातीचे दोन झेब्रे कबूल केले. त्याची बायको वान्ना धुणं टाकून धावत आली आणि आजोबांना खूश करायला साबणाच्या हातांनीच नाचू लागली. शेजारीण भिंतीवरून वाकून आता देवाचा झालेल्या मामलेदाराच्या शेपटीत लॉटरीचा आकडा शोधत होती. फाटकाबाहेर भाड्याची पिकअप हॉर्नवर हॉर्न देत होती.

"शेवटचा कौल," साईबुआ म्हणाल्या आणि त्यांनी फोडी टाकल्या.

एक उताणी, एक पालथी! पायरोतने ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात साईबुआ सरळ त्या फोडींवर बसल्या.

"नाही म्हणाले."

"आई, उठा."

"गुडघे धरलेत."

"मी बघितलंय, आई. आजोबा हो म्हणालेत."

"आजोबांचं वय झालंय! त्यांना काय कळतंय?" साईबुआंचा आवाज चिरकला. "मासा इथे राहिला की तू राहशील, तू राहिलास की पोरगी राहील. तुम्ही गेलात तर सकाळी उठून मी ओरडू कुणावर? कोंबड्यांवर?"

पायरोतला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तो इतकी वर्षं या बाईपासून सुटायची वाट बघत होता, आणि ही त्याला धरून ठेवायला देवाला सरबत पाजत होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने ग्लास उचलला आणि साईबुआंच्या हातात दिला. "मासा आजोबांचा ना? मग त्यांच्या वतीने तुम्हीच धरा. चला, गाडीत बसा."

"मी कशाला?"

"मग काय, आजोबांना खांबावरून उतरवू?"

साईबुआ पुटपुटत उठल्या. त्या ड्रायव्हरशेजारी बसल्या, नवराबायको मागे उघड्यावर. "हळू चालव रे मेल्या, आत मामलेदार आहेत," असं त्या दर खड्ड्याला ओरडत होत्या. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी मागची काच सरकवली.

"जिंकला तर तिकडे मला कुठली खोली?"

"पुढची. हवेशीर."

"पुढची नको, धूळ येते." त्यांनी ग्लासावर तळवा धरला. "मागची दे. आणि तुझी एकही माशाची बाटली माझ्या खोलीत दिसता कामा नये."