होशियाची पाठ

मिसिसिपीच्या त्या कापूसपट्ट्यात होशियाइतका संशयी गिटारवाला दुसरा नव्हता. शनिवारी दारूच्या अड्ड्यावर वाजवायला बसला, की लोकांकडे पाठ करूनच बसायचा. फुटक्या बाटलीची मान करंगळीत अडकवून तारांवरून फिरवली, की गिटार बाईमाणसासारखी हुंदके द्यायची. पण बोटं कुठं पडतात ते कुणाच्या बापाला दिसू द्यायचा नाही. उठताना ताराही सैल करायचा. उगाच कुणाला सूर सापडायला नकोत.

आणि त्या दुपारी अड्ड्याच्या पायरीवरच त्याला आपल्या गिटारीसारखेच हुंदके ऐकू आले.

त्यानं आधी साथीदाराचीच, क्लीटसची, गचांडी धरली. "बोल, कुणाला शिकवलंस?"

"सोड मेल्या! इतकी वर्षं शेजारी बसतोय, पण तुझ्या खांद्याशिवाय काय बघितलंय मी?"

आवाज स्वयंपाकघरातून येत होता. होशिया तरातरा आत घुसला. मासे तळणारी वर्डेल पिंपावर बसून गिटार वाजवत होती, आणि मेली त्याच्याहून गोड वाजवत होती.

"कुठून चोरलंस हे?"

"चोरते कशाला? तूच दाखवलंस की, भाऊ. तारा लावताना, सैल करताना, सगळं." वर्डेलनं मासे बाहेर द्यायच्या खिडकीकडे मान उडवली. पलीकडे त्याची रिकामी खुर्ची दिसत होती. "साऱ्या गावाकडे पाठ करून बसायचास, ते माझ्याकडेच तोंड करून!"