चार उपाशी वाफे

विद्यापीठात संख्याशास्त्र घेतल्यापासून अश्विनीला एक खोडच जडली होती. उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघायची, अन् तीही कांद्याच्या वाफ्यांची! आणे गावच्या माळावर दुपारचं ऊन थरथरायला लागलं की तिचे बारा वाफे जमिनीवरून हातभर वर उचलले जायचे आणि हळूच एकमेकांच्या जागा घ्यायचे. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी बसल्या बसल्या झोपली.

हे वाफे तिच्या एम.एस्सी.च्या प्रयोगाचे. चारांना पुरता युरिया, चारांना निम्मा, चारांना काहीच नाही. कुठल्याला काय, ते आकड्यांच्या तक्त्यावरून ठरवलेलं. त्या कोऱ्या चारांशी ताडल्याशिवाय बाकीच्या आठांना काडीचा अर्थ नव्हता. मे महिन्यात प्रबंध द्यायचा होता. चुकलं तर वर्ष बुडालं.

एप्रिलात काढणी झाली. वजनाला चुलती ठकूबाई होती. पुरता युरिया खाल्लेले वाफे भरले प्रत्येकी एकतीस किलो. आणि कोरे? तेही एकतीस, बत्तीस!

अश्विनी बांधावर टेकली. या माळाच्या मातीतच काही असेल का, पुस्तकात न लिहिलेलं? घटकाभर तिला सगळं रान श्वास घेताना दिसलं. इतकं गोड वाटलं तिला, की उठावंसंच वाटेना. पण रानभर विखुरलेले चारही कोरे वाफे नेमके सारखेच कसे भरले? तिनं एका कोऱ्या वाफ्यात खुरपं घातलं. मातीबरोबर लेंड्या वर आल्या.

"काकी, हे लेंडीखत कुणी टाकलं?"

ठकूबाईनं विळा खाली ठेवला. "म्या. बारा जणांना पंगतीत बसवायचं आन चौघांच्या पानात काय वाढायचंच न्हाई? मला न्हाई बघवलं, बाई."

"अगं, हात लावू नको म्हणाले होते ना!"

"युरिया घालू नको म्हणालीस. लेंडीचं कुठं बोललीस?"

"माझं वर्ष गेलं, काकी!"

"अगं बया!" ठकूबाई तिच्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "मी न्हाई कुणाला सांगत. तू लिही, आमची माती लई भारी म्हून."

अश्विनीला मोह झाला, खोटं कशाला बोला? दोन दिवस तिनं चुलतीशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी प्रबंधाच्या सरांना सगळं खरं लिहून टाकलं.

पुढच्या हिवाळ्यात विहिरीपलीकडच्या तुकड्यात नवे बारा वाफे पडले. ठकूबाई रोज तिथून जायची. पिवळ्या पडलेल्या चार वाफ्यांपाशी तिचा पाय अडायचा. मग ती तोंड फिरवून पुढं व्हायची. लेंडीखताची पाटी तिनं त्या रानात नेलीच नाही.

काढणीला पुरत्या युरियाचा वाफा भरला तीस किलो. कोरा, अठरा. अश्विनीनं आकडा वहीत लिहिला. वर्षभर जो आकडा ती स्वप्नात बघत होती, तोच.

ठकूबाईनं त्या वाफ्यातला लिंबाएवढा कांदा उचलून पदरानं पुसला. "हेच पायजे व्हतं का गं तुला?"

"हेच, काकी," अश्विनी म्हणाली. पण चुलतीच्या डोळ्यांत तिला बघवेना.