राजलक्ष्मीबाईंची तेरवी

चंद्रपुरात तुकूमच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खुशालराव आणि गिरजाबाई अशी दोनच माणसं राहतात, असं शेजारीपाजारी समजत. खुशालरावांचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते त्या दोन खोल्यांत गावभर माणसं कोंबलेली होती. सकाळी पोळ्या लाटताना जुन्या सिनेमातले नायक यायचे, दुपारी भांडी घासताना हिंदी मालिकेतल्या नागिणी यायच्या, आणि संध्याकाळी सातच्या ठोक्याला 'उंबऱ्यावरची रांगोळी' या मालिकेतलं सरपोतदारांचं अख्खं घराणं आत शिरायचं. एवढ्या गर्दीत कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेल्या माणसाच्या वाट्याला दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची आली होती. तिथून टीव्ही अर्धाच दिसायचा, आणि खुशालरावांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

घराचे नियम साधे होते. सातनंतर फोन वाजता कामा नये, म्हणून दोघांचेही फोन मुके करून फ्रिजवर ठेवायचे. चहा, पाणी, रक्तदाबाची गोळी, जे काय मागायचं ते जाहिरात लागली की मागायचं. एकदा खुशालरावांना मालिकेच्या ऐन रंगात जोराचा ठसका लागला, तर गिरजाबाईंनी डोळे टीव्हीवर ठेवूनच आवाज वाढवला. मुलगा आदेश पुण्याला नोकरीला होता. तो फोन करायचा तो दुपारी, नागिणी आणि सरपोतदार यांच्या मधल्या फटीत.

मालिका बघून बघून गिरजाबाईंची बोलीही पालटली. जन्म तलावाच्या पाळीवरच्या गावातला, बाप अन् भाऊ जाळं टाकून मासे धरणारे, पण बाईंच्या तोंडून आता "मला नं, अगदी कसंसंच होतंय" असं निघू लागलं. संताप आला की मात्र सरपोतदारांचा वाडा एका क्षणात कोसळायचा आणि खालून तलाव वर यायचा. खुशालरावांना ती तलावाची बाई आवडायची. तिच्याशीच त्यांचं लग्न झालं होतं.

तर या सरपोतदारांच्या थोरल्या राजलक्ष्मीबाई एका सोमवारी जिन्यावरून पडून वारल्या. पडल्या म्हणजे धाकट्या सुनेने ढकलल्या. बाई झोपतानासुद्धा पैठणी आणि नथ घालून झोपायच्या, त्यामुळे मेल्या तेव्हाही नटलेल्याच होत्या. त्या रात्री गिरजाबाईंनी चूल पेटवली नाही. खुशालरावांनी मुकाट्याने दुधात पोळी कुस्करून खाल्ली.

खरा घात मंगळवारी झाला. मालिका सुरू झाली आणि पडद्यावर अक्षरं आली, 'पाच वर्षांनंतर'. नातू मोठा झालेला, धाकट्या सुनेच्या कमरेला किल्ल्या, आणि राजलक्ष्मीबाईंचा फोटो भिंतीवर. गिरजाबाई ताडकन उठून बसल्या. "म्हणजे तेरवी केलीच नाही?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न खुशालरावांना होता की चॅनलला, ते कळायला मार्ग नव्हता.

तिसऱ्या मजल्यावरच्या वच्छलाबाईंनाही हाच घोर लागला होता. घरातलं एवढं मोठं माणूस गेलं, ना कोणी दहावं केलं, ना कोणी कावळ्याला घास ठेवला, आणि पाच वर्षं निघून गेली. आत्मा घुटमळणार नाही तर काय होणार? इमारतीतल्या बायकांची गच्चीवर बैठक बसली आणि एकमताने ठरलं की सरपोतदारांना लाज नसेल, पण तुकूमला आहे. तेरवी गिरजाबाईंच्या घरी होईल, कारण टीव्ही त्यांचा सगळ्यात मोठा.

मोजून तेरावा दिवस काढला, तो नेमका भाग्यश्रीच्या साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, निघाला.

भाग्यश्री म्हणजे गिरजाबाईंची भाची, त्यांचा थोरला भाऊ डोमा याची एकुलती एक लेक. आणि ही सोयरिक जुळवली होती खुशालरावांनी. मुलगा धनराज गोंडपिपरीचा, त्याचा बाप खाणीत खुशालरावांच्याच पाळीला होता. पोरगी चांगली, घर चांगलं, मी जबाबदार, असं खुशालरावांनी छातीवर हात ठेवून दोन्हीकडे सांगितलं होतं. आयुष्यात त्यांच्या शब्दावर ठरलेली ही पहिलीच गोष्ट. घरात तर भाजी कोणती करायची हेही त्यांच्या शब्दावर ठरत नसे. साक्षगंधाला नवा सदरा घालून मधोमध बसायचं, दोन्हीकडच्यांनी "तुमच्यामुळं झालं" म्हणायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्यांनी गिरजाबाईंना समजावून पाहिलं. तेरवी एक दिवस मागंपुढं कर म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की जणू जिन्यावरून ढकलणारा हात त्यांचाच असावा. मग ते म्हणाले, मी एकटा जातो. तर कावळ्याला घास ठेवायला घरचा पुरुष लागतो, आणि वड्यांची डाळ कोण दळून आणणार? खुशालराव डाळीची पिशवी शोधू लागले. हा माणूस खाणीत छत कोसळताना भ्याला नव्हता, हे मुद्दाम सांगून ठेवतो, नाहीतर कोणाला खरं वाटायचं नाही.

"निदान तुह्या भावाले फोन करून सांग," एवढं मात्र ते म्हणाले.

गिरजाबाईंनी आदल्या संध्याकाळी फोन केला, अर्थात जाहिरातीत. "दादा, उद्या आमचं येणं होत नाही. घरी तेरवी आहे," असं म्हणाल्या, आणि साबणाची जाहिरात संपली. त्यांनी फोन ठेवला, मुका केला आणि फ्रिजवर टाकला.

तिकडे डोमाभाऊ हातात फोन धरून तसाच उभा राहिला. अंगणात मांडव पडलेला, सोयरे आलेले, बुंदीचा घाणा सुरू. तेरवी? कोणाची? आदेश पुण्याला. चंद्रपूरच्या घरात राहतात दोन माणसं, आणि त्यातलं एक तर आता फोनवर बोललं. त्याने परत फोन लावला, कोणी उचलला नाही. जवाईबापूंना लावला, तो नुसता वाजत राहिला. त्याची बायको सीता मटकन खाली बसली. आपल्याला कळवलंसुद्धा नाही, हे तिला आधी लागलं. मग कोणीतरी समजूत घातली की शहरात आता तिसऱ्याच दिवशी तेरवी उरकतात, कळवायला वेळ कुठे असतो. ज्याने सोयरिक जुळवली त्याचीच तेरवी, त्या दिवशी पोरीचं साक्षगंध कोण करणार? डोमाभाऊने गोंडपिपरीला कळवलं की जवाई गेले, उद्याचं होत नाही. भाग्यश्रीने हातातल्या नव्या बांगड्या काढून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुशालराव गच्चीवर उभे होते; दोघांचे फोन वड्यांच्या धांदलीत अजून फ्रिजवरच मुके पडले होते. समोर पत्रावळीवर वडा, भात, खीर. कठड्यावर कावळे रांगेने बसलेले, पण एकही पुढे येईना. खालून वच्छलाबाई दर थोड्या वेळाने विचारून जात, शिवला का, शिवला का. बाईंची इच्छा राहिली असणार, धाकट्या सुनेला घराबाहेर काढू असं कबूल करा, असाही सल्ला आला. खुशालरावांनी कावळ्यांपुढे हात जोडून तेही कबूल केलं. कावळे ढिम्म. त्या अख्ख्या इमारतीत शहाणे तेवढेच होते.

इतक्यात खालून रडण्याचा आवाज आला. इमारतीतल्या बायकांचं रडणं खुशालरावांना पाठ होतं, नाकाला रुमाल लावून केलेलं. हे तसं नव्हतं. हे गावचं रडणं होतं, सूर लावून, गेलेल्या माणसाचे गुण एकेक करून सांगत, भिंतीला हादरे देणारं. गिरजाला काही झालं, एवढंच त्यांच्या मनात आलं. डाळ उशिरा आणली म्हणून सकाळी ती तलावाच्या बोलीत कडकडून भांडली होती, आणि तेच तिचं शेवटचं बोलणं ठरणार, या विचाराने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कठडा धरून धरून ते खाली उतरले.

दारासमोर पाठमोरी माणसं होती. सीतावहिनी उंबऱ्यावर डोकं टेकून रडत होती, डोमाभाऊने उपरणं तोंडाला लावलं होतं. काळीपिवळी जीपमधून उतरलेली गावची आणखी चारदोन माणसं जिन्यात दाटली होती. खुशालरावांनी डोमाभाऊच्या खांद्यावर हात ठेवला.

"कोण गेलं, दादा?"

"जवाईबापू गेले न," डोमाभाऊ मागे न बघताच म्हणाला. मग त्याने मागे बघितलं.

पुढे काय झालं ते नीट कोणालाच सांगता येत नाही. डोमाभाऊ किंचाळला, जिन्यातला एक म्हातारा दोन पायऱ्या खाली गेला, आणि सीतावहिनीने आधी खुशालरावांच्या पायांकडे बघितलं, बोटं पुढे आहेत की मागे. पुढे होती. मग तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि पहिल्याहून मोठ्याने रडू लागली. डोमाभाऊही लहान पोरासारखा त्यांच्या गळ्यात पडला. आपण जिवंत आहोत म्हणून कोणाला एवढा आनंद होऊ शकतो, हे खुशालरावांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

गिरजाबाई झाऱ्या हातात घेऊन बाहेर आल्या. "काऊन ओरडून राह्यले? आत बाया बसल्या आहेत," त्या म्हणाल्या.

आत खरंच बायका बसल्या होत्या, आणि टीव्हीखाली हार घातलेल्या फोटोत राजलक्ष्मीबाई नथीसकट हसत होत्या. सीतावहिनीच्या घरी टीव्ही होता, पण त्यावर डोमाभाऊ बातम्या अन् हवामान बघायचा. तिने फोटो बराच वेळ न्याहाळला.

"ही तुही कोण होय, गिरजा?"

गिरजाबाई फोटोचा हार सारखा करू लागल्या. वच्छलाबाईंनी मध्ये पडून सगळा वृत्तान्त सांगितला, जिन्यापासून पाच वर्षांनंतरपर्यंत. सीतावहिनीने तो शेवटपर्यंत ऐकला. मग ती शांतपणे म्हणाली, "माह्या पोरीनं बांगड्या काढून ठेवल्या, बाई."

आता गोंडपिपरीला काय तोंड दाखवायचं हा प्रश्न होता. मेलेला मध्यस्थ जिवंत आहे म्हणून सांगावं, तर ते लोक म्हणतील ही माणसं मरणाचीसुद्धा थाप मारतात, यांची पोरगी कोण करणार? सगळे खुशालरावांकडे बघू लागले. शब्द त्यांचा होता. त्यांनी फोन लावला. मनात चांगली दोन-तीन खोटी कारणं तयार केली होती, पण फोन उचलला धनराजच्या आईने, ज्योत्स्नाबाईंनी, आणि खुशालरावांचा आवाज ऐकताच त्या देवाचा धावा करू लागल्या. त्या धाव्यात खोटं कुठल्या कुठे विरून गेलं. खुशालरावांनी खरं ते सांगून टाकलं, कुठल्या मालिकेची कोण बाई अन् कसली तेरवी ते सगळं, आणि मान खाली घालून शिव्यांची वाट बघत बसले.

पण ज्योत्स्नाबाई हुंदका देऊन म्हणाल्या की, बरंच केलं बाई तुम्ही. मीही त्या दिवसापासून गोड खाल्लं नाही. सासूची तेरवी न करणारी ती कसली सून? आज साक्षगंध झालं असतं तर माह्याच मनाला लागलं असतं. आपण पुढच्या आठवड्यात करू, पण रविवार नको, रविवारी मालिकेचा दोन तासांचा भाग आहे.

अशी सोयरिक वाचली. खुशालरावांच्या शब्दाने नव्हे, तर राजलक्ष्मीबाईंच्या पुण्याईने. गिरजाबाईंनी विजयी मुद्रेने सगळ्यांना जेवायला बसवलं. डोमाभाऊ मात्र पानावर बसला नाही. जित्या माणसाच्या घरी तेरवीचं कसं खावं म्हणून त्याने खालच्या टपरीवर चहा अन् टोस्ट खाल्ले.

सीतावहिनीने पिशवीतून माहेरचं लुगडं काढलं. विधवा झालेल्या लेकीला भावाने आणायचं असतं तसलं, फिकट, बिनकाठाचं. ते घरात ठेवायचं की तलावात सोडायचं, असं ती चाचरत विचारत होती. गिरजाबाईंनी ते हातातून घेतलं, उलगडलं आणि उजेडात धरलं.

"अय्या, किती गोड रंग आहे नं," त्या म्हणाल्या. "कोजागिरीच्या भागात राजलक्ष्मीबाईंनी अगदी असंच नेसलं होतं." आणि खांद्यावर टाकून त्या आरशात बघू लागल्या. सीतावहिनीने पदर तोंडात धरला. खुशालराव आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसले.

काळीपिवळी संध्याकाळी निघणार होती, म्हणून सात वाजता सगळे तिथेच होते. मालिका सुरू झाली. एका आश्रमात, डोक्याला पट्टी बांधून, पण पैठणी नेसून, एक बाई पाठमोरी बसली होती. ती वळली. राजलक्ष्मीबाई जिवंत होत्या. खोलीत टाळ्या कडाडल्या. वच्छलाबाईंनी फोटोचा हार ओरबाडून काढला, गिरजाबाई ढसाढसा रडल्या, आणि तसल्या रडण्यातच उठून त्यांनी साखरेचा डबा आणला. आपलं माणूस परत आलं, तोंड गोड करा, म्हणत त्या घरभर साखर वाटत फिरल्या. दाराजवळ येईतो जाहिरात संपली, म्हणून दाराजवळची खुर्ची राहून गेली.

सीतावहिनीने ते पाहिलं. ती उठली आणि आपल्या हातावरची साखर तिने खुशालरावांच्या हातावर ठेवली.

"घ्या, जवाईबापू. तुमीबी त आले वापस."

खुशालराव उठून उभे राहिले. त्यांना वाटलं की आज, आत्ता, सगळ्यांसमोर काहीतरी बोलावं. ते दोन पावलं पुढे आले. ते फिकट लुगडं तसंच खांद्यावर घेतलेल्या गिरजाबाईंनी मान वाकडी करून त्यांच्या बाजूने पलीकडे बघितलं.

"जरा सरकता का बाजूला?" त्या म्हणाल्या. "दिसत नाहीये."