चौदा पौंडांची चकाकी

बॅगेची चेन उघडली आणि शुभांगीला बॉलमध्ये स्वतःचा चेहरा दिसला. कपाळावरची टिकलीसुद्धा. तिने बॉल टॉवेलने पुसून पुन्हा पाहिलं. चेहरा होता तिथेच होता.

काल दुपारपर्यंत हा चौदा पौंडांचा निळा बॉल पाटीसारखा निस्तेज होता, आणि तिला तो तसाच हवा होता. खरखरीत पॅडने घासून घासून तिनेच तो तसा केला होता. बोलिंगमध्ये पिना पाडायला बॉल ज्या लांब लाकडी पट्टीवरून सोडतात, त्या लेनवर सुरुवातीला तेलाचा हात दिलेला असतो, शेवटचा भाग कोरडा. निस्तेज बॉल वेळेवर पकड घेतो आणि डावीकडे वळून मधल्या पिनेच्या खांद्याशी येतो. गुळगुळीत बॉल घसरतच राहतो. त्यात शुभांगीच्या हाताला आधीच वेग फार; बॉलला वळायचं सुचेपर्यंत लेन संपलेली असते.

हे कुणी केलं, ते विचारायची गरज नव्हती. घरात असं करू शकणारा माणूस एकच, आणि तो या क्षणी तिच्या मागे बोलिंग हॉलमधल्या लाल खुर्चीवर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसला होता.

तिचे सासरे चिमाजी, म्हणजे घरादाराचे नाना, ओझरच्या विमान कारखान्यात बफिंगला, म्हणजे पत्रा घासून चकाकवायच्या कामाला होते. उभी हयात पत्र्यावरच्या रेघा घालवण्यात गेली. निवृत्त झाले तरी हात काही गप्प बसेनात. देवघरातली समई, शेजाऱ्यांचे नळ, मुलाच्या मोटरसायकलची टाकी, जे तावडीत सापडेल ते चकचकीत होऊन परत येई. कशावर ओरखडा दिसला की त्यांना जेवण गोड लागत नसे.

आज राज्याच्या संघाची निवड होती. पहिल्या चौघी स्पर्धेसाठी बेंगळुरूला जाणार, आठ दिवस. शुभांगीने हे जेवताना सांगितलं तेव्हा तिचा नवरा दिनेश म्हणाला होता, "नानांना विचार." नाना ताटात बघत राहिले. जगात न बोलणं म्हणजे होकार असेल. या घरात नाना बोलले नाहीत म्हणजे नाही, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. मॉलमधल्या याच हॉलच्या काउंटरवर नोकरी करता करता ती खेळ शिकली, बक्षिसं आणली, त्याबद्दलही ते कधी बरं-वाईट बोलले नव्हते. आणि काल, ती कामावर असताना, त्यांनी बॅगेतून बॉल काढला, ड्रिलला कापडी चाक लावलं, पॉलिशचा साबण घेतला आणि बॉलचा आरसा करून ठेवला. सकाळी कुणी न सांगता स्कुटीपाशी येऊन उभे राहिले.

हाच त्यांचा होकार होता. तोंडाने दुसरा मिळणार नव्हता.

सरावाची वेळ सुरू झाली. तिने बॉल टाकला. तो तेलावरून सुळकन गेला, वळलाच नाही, आणि उजव्या कोपऱ्यातल्या दोन पिना पाडून मागे पडला. दुसराही तसाच.

"अगं, काय करून आणलंस हे?" रोशनी जवळ आली. ती देवळाली कॅम्पची, खेळात शुभांगीच्या बरोबरीची आणि मनाने चांगली. "लग्नाला निघालाय का बॉल? घास पटकन. एकदा मॅच सुरू झाली की घासायचा कागद लावता येणार नाही."

"हळू बोल."

मागे नाना शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "तो निळा दिसतो ना, तो आपल्या घरचा. लय खरबरीत झालता. म्हटलं, असा घेऊन चारचौघांत कशी जाईल पोरगी?"

त्या माणसाने कौतुकाने मान हलवली. नानांना इतकं बोलताना शुभांगीने कधी ऐकलं नव्हतं. तिला फार बरं वाटलं आणि त्याच दमात रडूही आलं. त्यांच्यासमोर बसून हा बॉल घासायचा म्हणजे त्यांनी वाढलेलं पान त्यांच्यादेखत सांडण्यासारखं होतं. आणि नाही घासला, तर बेंगळुरू इथेच संपलं.

"नाना, मी पाणी पिऊन येते," ती म्हणाली. बॉल टॉवेलात गुंडाळून मागच्या जिन्यात गेली, पायरीवर बसली, पॅड ओलं केलं आणि घासायला लागली. निळी चमक हळूहळू धुरकट होऊ लागली. एका बाजूचा चेहरा गेला, मग दुसऱ्या बाजूचा.

दार ढकलल्याचा आवाज आला. नाना होते. हातात तिची पाण्याची बाटली. पाणी प्यायला म्हणून निघालेली सून बाटली खुर्चीवरच विसरून गेली होती.

त्यांनी बॉलकडे पाहिलं. पॅडकडे पाहिलं.

"रेघा पडून राहिल्या त्याच्यावर."

"पाडतेच आहे, नाना." आता लपवण्यात अर्थ नव्हता. "गुळगुळीत बॉल तेलावर घसरतो, वळत नाही. तो असाच लागतो."

"म्हंजे आधी व्हता तो बराबर व्हता?"

"हो."

"मंग बोलली का नाय? इथं आल्या आल्या बघितला असंल ना?"

शुभांगीने पॅड खाली ठेवलं. "तुम्ही पहिल्यांदाच माझ्या खेळाला हात लावला होता. तो पुसून टाकायचा माझा जीव होईना."

नाना पुढे आले. वाकले, बॉलवरून अंगठा फिरवला. कारखान्यात तपासायला आलेल्या पत्र्यावरून फिरवत तसाच.

"उभ्या जन्मात रेघ पाडली नाय मी," ते म्हणाले. मग बाटली पायरीवर ठेवली. "खालच्या अंगाला चमक राहिली अजून."

आणि निघून गेले. तिने बॉल उलटा केला. खरंच राहिली होती.

मॅच सुरू झाली तेव्हा लाल खुर्ची रिकामी होती. शुभांगीने दोनदा मागे वळून पाहिलं, मग पाहायचं सोडून दिलं. बॉल आता तिचं ऐकत होता. तेल संपलं तिथे पकड घ्यायचा आणि सांगितल्यासारखा डावीकडे यायचा. दुपारी नावं वाचली तेव्हा ती तिसरी होती. रोशनीने तिला मिठी मारली. रोशनी दुसरी.

नाना खाली पार्किंगमध्ये स्कुटीशेजारी उभे होते.

"झालं?"

"निवड झाली, नाना."

"बरं," ते म्हणाले आणि मागे बसले.

घराच्या वाटेवर आडगाव गेलं तरी अवाक्षर नाही. शुभांगीने मनातल्या मनात बेंगळुरूवर पाणी सोडून पाहिलं. सुटत नव्हतं. पण घरात त्यांच्या मनाविरुद्ध कधी काही झालेलं नव्हतं, आणि आज तर तिने त्यांचं काम त्यांच्या डोळ्यांसमोर खरवडून काढलं होतं. दिनेशला मध्ये घालावं का? दिनेश म्हणणार, "नानांना विचार."

दहावा मैल नावाचा फाटा आला तशी त्यांनी तिच्या खांद्यावर थाप मारली.

"घे बाजूला."

तिने गाडी थांबवली. नाना उतरले आणि मागे न बघता चालू लागले. बसने जाताहेत की काय, तिच्या मनात आलं. पण ते हार्डवेअरच्या दुकानात शिरले. बराच वेळ आत होते. दुकानदाराशी काहीतरी हुज्जत चालली होती. बाहेर आले तेव्हा हातात कागदाची गुंडाळी होती. ती त्यांनी बॉलच्या बॅगेत खोचली.

"वॉटर पेपर हाय, घासायला. बारीक, मध्यम, समदे घेतले. तिकडं किती तेल लावत्यात काय ठावं."

शुभांगीने गुंडाळी आत सरकवून चेन लावली. मग गाडी सुरू केली.

नाना मागे बसले, शर्ट सावरला.

"आन् बेंगळुरूला जायच्या आधी मला दाखवून ठेव," ते म्हणाले, "तांदूळ कुठल्या डब्यात असतो ते."