गुणी पेशंट

माझा भाऊ उत्तरेश्वर सत्तेचाळीस वर्षांचा आहे. त्याची समज पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढी आहे, असं डॉक्टर सांगतात. मी सांगत नाही. माझं काही बिनसलं की ते माझ्याआधी त्याला कळतं. आई गेल्यापासून खडकीच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहतो. मी एकसष्ट वर्षांची, लग्न केलं नाही. विचारणारे होते, पण ते भावासकट विचारत नव्हते.

तो बारा वर्षांचा असताना दातांच्या दवाखान्यात खूप ओरडला. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर काढलं, वर आईला म्हणाले, "असल्यांना घरीच ठेवत जा." त्या संध्याकाळी मी त्याला शिकवायला बसले. पांढरा कोट दिसला की रडायचं नाही, हलायचं नाही, विचारलं तर हसून 'बरं आहे' म्हणायचं. महिनाभरात तो तयार झाला. तेव्हापासून त्याला कुणी हाकललं नाही. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

मागच्या सोमवारी त्याने भाकरीला हात लावला नाही, मंगळवारी चहालाही नाही. घरी पोट धरून "आक्का, दुखतंय" म्हणत होता. बुधवारी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या बाईने त्याच्याकडे एकदा बघून केसपेपरवर लाल शाईने 'मतिमंद' लिहिलं. आतल्या तरुण डॉक्टरने तेवढंच वाचलं आणि मला विचारलं, "ह्यांना काय होतंय?"

"पोटात दुखतंय. दोन दिवस काही खाल्लं नाही."

मग त्याने बहिऱ्याशी बोलावं तसं उत्तरेश्वरला विचारलं, "काका, दुखतंय का?"

उत्तरेश्वर हसला. "बरं आहे."

"अहो, सवयीने म्हणतोय तो. मीच शिकवलंय. तुम्ही जरा हात लावून बघा ना."

"काकू, पेशंट स्वतः सांगतोय. ही माणसं हट्टाने जेवण सोडतात. मानसोपचार विभागात दाखवा."

सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा एका डॉक्टरने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तो शब्द माझा होता.

बाहेर मी त्याला म्हटलं, "उत्तू, आज खरं सांगायचं. रडलास तरी चालेल." त्याने मान हलवली. पण कुणी कोटवालं समोरून गेलं की घाम पुसून हसायचा. मानसोपचारच्या रांगेत शेवटी तो गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर आडवा झाला. तिथल्या डॉक्टर नम्रता मॅडम त्याच्याजवळ खाली बसल्या आणि पोटावर हात ठेवला. पोट लाकडासारखं कडक झालं होतं. "बरं आहे" तेव्हाही चालूच होतं. त्यांनी स्वतः स्ट्रेचर ओढून आणलं. अपेंडिक्स आत फुटलं होतं.

ऑपरेशन झालं, जीव वाचला. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेत वॉर्डात गेले, तर सिस्टर कौतुकाने म्हणाल्या, "किती गुणी पेशंट आहे हो तुमचा. बाकीचे ओरडून जीव खातात. ह्यांनी एकदाही हाक मारली नाही. म्हटलं दुखत नसेल, दुखण्याचं इंजेक्शनसुद्धा लागलं नाही."

मी चादर बाजूला केली. त्याने स्वतःचं मनगट चावून चावून काळंनिळं केलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, इथे तोंड मीच दाबलं होतं.

मनगट पाहून सिस्टरनी लगेच इंजेक्शन दिलं. बाई वाईट नव्हती. "आता पुढचं सहा तासांनी. दुखलं तर सांगा हं," त्या म्हणाल्या, आणि हे त्या उत्तरेश्वरला सांगत होत्या.

"तो सांगणार नाही. न मागता द्या. नाहीतर मला इथे थांबू द्या."

"पुरुषांचा वॉर्ड आहे, मावशी. घरातलं कुणी पुरुषमाणूस पाठवा."

आमच्या घरातला एकुलता एक पुरुष त्या कॉटवर पडला होता.

शिपायाने घंटा वाजवली. मी उत्तूच्या कानाशी म्हटलं, "ओरड रे. आक्का रागावणार नाही." तो सिस्टरकडे बघून हसला.

मी जिन्यावर थांबले. एकदा तरी त्याने माझ्या नावाने बोंब ठोकावी, म्हणून किती वेळ थांबले कोण जाणे. वॉर्डात बाकी सगळे ओरडत होते.